अट किती घालावी?

समजा, एक फंक्शन आहे : जे मिळेल ते जसंच्या तसं परत देणारं. त्याला संख्या मिळणार की शब्द, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. एमएल भाषेचा कंपायलर तरीही अडत नाही. तो ठरवतो, कुठलाही टाइप चालेल; जो आत आला तोच बाहेर जाईल. याला टाइप इन्फरन्स म्हणतात. रॉजर हिंडली यांनी १९६९मध्ये आणि रॉबिन मिल्नर यांनी १९७८मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या या पद्धतीचा गाभा साधा आहे : कोड जेवढं सांगतो तेवढंच गृहीत धरायचं आणि शक्य तितका व्यापक टाइप द्यायचा.

आपण माणसं नेमकं उलटं करतो. भाड्याने घर शोधताना फोनवर प्रश्न येतो, "आडनाव काय?" त्या एका शब्दावरून जात, जेवण, सणवार, सगळं ठरून जातं. पुरावा कणभर, निष्कर्ष मणभर.

मग अट घालूच नये का? तसं नाही. रस्टमध्ये यादीतलं सगळ्यात मोठं मूल्य शोधणारं जेनेरिक फंक्शन लिहायचं, तर साधारणपणे 'ऑर्ड' ही अट घालतात : मूल्यांची आपसात तुलना करता आली पाहिजे. काम तुलनेचं, म्हणून अट तुलनेची. ती फंक्शनच्या दारावरच लिहावी लागते. अनुमानाला मुभा फक्त आत. सी प्लस प्लसच्या टेम्प्लेटमध्ये २०२०च्या आवृत्तीपर्यंत अशी थेट सोय नव्हती. नको तो टाइप आत जायचा आणि एरर कुठेतरी खोलवर यायची. 'फ्लॅट रिकामा आहे' म्हणणारा मालक आडनाव ऐकून 'कालच गेला हो' म्हणतो, तेव्हा असंच होतं. अट होतीच, फक्त दारावर नव्हती.

मालकाची बाजूही आहे. घर त्याचं, धोका त्याचा. पण त्या धोक्यासाठी डिपॉझिट आहे, करार आहे, पोलीस व्हेरिफिकेशन आहे. भाडं वेळेवर यायला आडनाव लागत नाही.

काही जण 'फक्त शाकाहारी' असं उघड लिहितात. म्हणजे अट नुसती लिहिली की ती न्याय्य होते, असं नाही. रस्टमध्येही कामाला न लागणारी अट घातली तर कंपायलर सहसा हरकत घेत नाही. चालू शकले असते असे टाइप मुकाट बाहेर राहतात. ही अट खरंच लागते का, हा प्रश्न यंत्र विचारत नाही. तो अट लिहिणाऱ्यानेच स्वतःला विचारायचा असतो.