शिक्षा भोगून झाल्यावर

शिक्षा भोगून बाहेर आलेला माणूस आपल्या अपराधातून मोकळा झाला का, हा प्रश्न कायदा एका ओळीत सोडवतो. मुदत संपली की सुटका. धर्मविचारात मात्र त्याचे तीन प्रश्न होतात. माणूस आतून बदलला का? केलेल्या कर्माचे फळ संपले का? आणि तो ज्या गावात परतला, त्या गावाने त्याला पुन्हा आपले म्हणावे का? कैद्यांच्या नव्या आयुष्यावरचे माहितीपट पहिल्या प्रश्नात खोल उतरतात. तिसऱ्यापर्यंत ते क्वचितच पोचतात, आणि सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे.

१९९७ साली आयलेट मेनाहेमी आणि इलोना एरिएल या दोन इस्रायली दिग्दर्शिकांनी ‘डुइंग टाइम, डुइंग विपश्यना’ हा ५२ मिनिटांचा माहितीपट केला. विषय होता दिल्लीच्या तिहार तुरुंगातली विपश्यना शिबिरे. किरण बेदी तेथे महानिरीक्षक असताना, एप्रिल १९९४ मध्ये, विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांनी घेतलेल्या शिबिराला हजारावर कैदी बसले होते. प्रयोगाची सुरुवात त्याआधी, १९७५ मध्ये, जयपूरच्या कारागृहात झाली होती. तेथे काही कैद्यांना बेड्यांसह आणले गेले, तेव्हा गोएंकांनी आधी बेड्या काढायला लावल्या. पुढे या साधनेचे मुख्य केंद्र नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीच्या धम्मगिरीवर उभे राहिले. माहितीपटात कैदी आपल्या रागाबद्दल, सूडाबद्दल बोलतात. शिबिर संपल्यावर ते रडतात, तुरुंगाधिकाऱ्यांना मिठी मारतात. हे पाहताना बदल खरा आहे याची खात्री पटते. चित्रपट मात्र भिंतीच्या आतच राहतो.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या डोनाल्डसन तुरुंगावरचा ‘द धम्मा ब्रदर्स’ हा माहितीपट याच साधनेचा आहे, पण त्यातल्या अनेक कैद्यांना सुटकेची आशाच नाही. ते मरेपर्यंत आत राहणार आहेत. त्यांचे बदलणे कोणाच्या उपयोगाचे, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. धर्माचे उत्तर असे, की चित्त शुद्ध होणे हे कशाचे तरी साधन म्हणून मोलाचे नाही, ते स्वतःच मोलाचे आहे. पुनर्वसनाचा हिशेब फक्त ‘किती जण पुन्हा गुन्हा करत नाहीत’ यावर मांडणाऱ्यांनी हा माहितीपट आवर्जून पाहावा.

दुसऱ्या प्रश्नावर बौद्ध परंपरेतली अंगुलिमालाची कथा सर्वांत प्रामाणिक आहे. मज्झिमनिकायात ती येते. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर भिक्षू होतो, अर्हतपदाला पोचतो. राजा प्रसेनजितही त्याला पकडायचा विचार सोडून देतो. पण भिक्षेला गेला की त्याच्या अंगावर दगड, ढेकळे, काठ्या येतात. फुटलेले डोके, मोडलेले भिक्षापात्र, फाटलेले चीवर घेऊन तो बुद्धाकडे येतो. बुद्ध लोकांना दोष देत नाहीत आणि त्यालाही परत पाठवत नाहीत. केलेल्याचे फळ याच जन्मी भोगून संपते आहे, ते सहन कर, एवढेच सांगतात. मन पूर्ण पालटले तरी ज्यांचे कोणी मेले त्यांच्या हातातला दगड लगेच खाली पडत नाही, हे या कथेने लपवलेले नाही.

मराठी घरांत जास्त सांगितली जाते ती वाल्या कोळ्याची गोष्ट. पापात वाटेकरी व्हायला घरचे नकार देतात, आणि तिथून वाल्याचा वाल्मीकी होतो. गोष्ट हृदयाला भिडणारी आहे, पण ती तिसरा प्रश्न टाळते. वाल्या गावात परततच नाही. वारुळातून बाहेर पडतो तो ऋषी होऊन. ज्यांना लुटले त्यांच्या शेजारी घर करून राहायची वेळ त्याच्यावर येत नाही.

परतण्याचा विचार धर्मशास्त्राने केला होता. राजदंड भोगलेला मनुष्य पापमुक्त होतो, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. अकराव्या अध्यायात पतिताला बाहेर काढण्याचा विधी आहे. गावाबाहेर, सायंकाळी, नातेवाइकांसमक्ष दासी पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडते. जिवंत माणसाचे उदक सोडले जाते. त्याच्याशी बोलणे, बसणे, वारसा, व्यवहार सगळे तुटते. प्रायश्चित्त पुरे झाल्यावर मात्र तेच नातेवाईक त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करतात, नवा भरलेला घडा त्यात सोडतात, आणि तो घरी जाऊन पूर्वीसारखी नात्याची सगळी कर्तव्ये करू लागतो. पुढे आज्ञा आहे, की शुद्ध झालेल्यांची निंदा कधीही करू नये. लगेचच अपवादही येतो: बालहत्या, स्त्रीहत्या किंवा शरणागताची हत्या करणारे आणि कृतघ्न शुद्ध झाले तरी त्यांच्याबरोबर राहू नये.

याच ग्रंथात दंड आणि प्रायश्चित्ते वर्णानुसार बदलतात. तो अन्याय आहे आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. तरी विधीतली एक गोष्ट घेण्याजोगी आहे: परत घेणे हे समाजाचे कृत्य आहे. पाण्यात नातेवाइकांनाही उतरावे लागते. आजच्या तुरुंगाला असा विधी नाही. आत घेताना सगळी नोंद होते, बाहेर सोडताना दार उघडते.

महाराष्ट्रात या उणिवेवर विचार झाला तो औंध संस्थानात. १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत झाली. मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. कैदी तेथे भिंतीविना, कुटुंबासह, शेती करत राहू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामागे हीच प्रेरणा होती. शिक्षा चालू असतानाच माणूस बायकामुलांत आणि बाजारात वावरतो, हे स्वतंत्रपूरचे वेगळेपण. परतण्याची तयारी तेथे रोजच होते.

भिंतीच्या आतही हात काम शिकतात: नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहात कैदी गणेशमूर्ती घडवतात. नाशिकच्या तुरुंगातच साने गुरुजींनी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली. असे स्वातंत्र्यसैनिक सुटले की त्यांना हार घातले जात. म्हणजे नुसता तुरुंगवास हा कलंक नसतो, गाव अपराधाचा अर्थ कसा लावते त्यावर ते ठरते. उदाहरणार्थ, नाशिकच्या पुढे, निफाड आणि येवला यांच्या मध्ये, विंचूर हे गाव लागते. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार तेथे आहे, भोवती कांदा आणि द्राक्षबागा. अशा गावात काम ओळखीने मिळते. छाटणीच्या टोळीत कोणाला घ्यायचे हे मुकादम ठरवतो, आणि गोणीला हात लावू द्यायचा तर माणूस भरवशाचा लागतो. मूर्ती घडवायला शिकलेला हात बाहेर आल्यावर आधी हा भरवसा मागत फिरतो. त्याची पहिली परीक्षा सुटकेच्याही आधी होते. शिक्षा चालू असताना काही दिवस घरी जाण्यासाठी असलेल्या संचित रजेच्या अर्जावर गावाकडच्या पोलिसांचा अहवाल येतो, आणि कोणा नातेवाइकाला जामीन राहावे लागते. नवा घडा उचलणारा असा पहिला माणूस तोच.

येथे क्षमा आणि स्वीकार यांत फरक करावा लागतो. क्षमा करण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा. तो गाव त्याच्या वतीने वापरू शकत नाही, सरकारही नाही. खून झालेल्याच्या आईने आयुष्यभर क्षमा केली नाही, तरी तिला कोणी धर्महीन म्हणू नये. गावाने द्यायचे ते वेगळे: काम, भाड्याची खोली, मुलांना शाळेत टोमणे नाहीत. क्षमा मिळेपर्यंत हे अडवून ठेवले, तर शिक्षेची मुदत न्यायालयाऐवजी गाव ठरवू लागते.

माहितीपटाची जबाबदारीही याच ठिकाणी येते. बदल दाखवण्यासाठी तो अपराध सांगतो, चेहरा दाखवतो. शुद्ध झालेल्याची निंदा करू नये म्हटले, तरी फोनवर दहा वर्षांनीही दिसणारी फीत ती निंदा दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडी देते, कधी त्याच्या मुलीच्या सोयरिकीच्या वेळी. तुरुंगात दिलेली संमती कितपत मोकळी, हेही तपासावे लागते: समोर अधिकारी उभा असताना कैदी नाही म्हणेल का? म्हणून सुटकेनंतर पुन्हा विचारणे, नको म्हटल्यास चेहरा झाकणे किंवा तो भाग काढून टाकणे हे अशा चित्रीकरणात आधीच ठरलेले असायला हवे.