रविवार एकट्याचा नसतो

आयटीत ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर सल्ले भरपूर मिळतात. नोटिफिकेशन बंद ठेवा, ‘नाही’ म्हणायला शिका, योगा करा. सगळे सल्ले एकेकट्याला. जणू हे पोहण्यासारखं आहे; ज्याला जमलं तो तरला.

मला माझं काम आवडतं. तीन तास छळणारा बग सापडतो तेव्हाचा आनंद अस्सल असतो. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. नावडत्या कामाला हद्द हवी, हे कुणालाही पटेल. आवडत्या कामाला कशाला?

मालाडच्या माइंडस्पेसमध्ये बसून हा विचार करताना मला याच मुंबईतल्या गिरण्या आठवतात. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार गिरणी कामगारांनी एका अर्जावर सह्या केल्या. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्रियांनीही भाषणं केली. १० जूनला रविवारची सुट्टी मंजूर झाली.

काम आवडतं की नाही, हा मुद्दाच त्या अर्जात नव्हता. आणि सुट्टी मागितली ती सगळ्यांसाठी, एकाच वारी. मला यातलं शहाणपण मोठं वाटतं. एकट्याला बुधवारी रजा मिळाली, तर क्रिकेट खेळणार कुणाशी? आई-बाबांना, मित्रांना, बायकोला त्याच दिवशी मोकळीक हवी. नोकरीतलं समाधान एकट्याला मिळू शकतं. आयुष्यातलं बरंचसं समाधान इतरांच्या रिकाम्या वेळावर अवलंबून असतं.

आता समजा, मी हौसेने रविवारी रात्री कोड पूर्ण केला. जबरदस्ती कुणाचीच नाही. पण सोमवारच्या स्टँडअपमध्ये, रविवार लहान मुलीसोबत घालवणारा सहकारी मागे पडलेला दिसतो. माझी हौस त्याचं मोजमाप ठरते. दोघांनी तेच केलं की तिसऱ्याला पर्याय उरत नाही.

‘माझा वेळ, माझी मर्जी’ हे म्हणणं खोटं नाही, अपुरं आहे. आमच्याच धंद्यात ऑन-कॉलची पाळी असते: एकजण जागा राहतो, म्हणून बाकीची टीम निर्धास्त झोपते. पाळी ठरवतानाच आपण मान्य करतो की झोप ही सगळ्यांनी मिळून राखायची गोष्ट आहे. रविवारचंही तसंच. काम कितीही आवडो, सोमवारी सकाळी पाठवता येईल असा मेसेज रविवारी न पाठवणं, हे मी दुसऱ्याचं देणं मानतो.