पाखरांना आपली वेळ कळते



पाऊस सरला. हस्ताचे पाणी पडून गेले, बाजरीची कणसे खळ्यावर आली आणि ज्वारीच्या पेरणीसाठी रानात पाभरी चालू झाल्या. आपल्या शेवगाव-पैठण भागात शरद ऋतूचे हे दिवस थोडेच असतात. दुपारी ऊन चटके देते, पण सकाळ मोठी प्रसन्न असते. ऑक्टोबर महिना आपण पवित्र मरियेच्या जपमाळेला देतो. या महिन्यात एकदा तरी पहाटे जपमाळ हातात घेऊन शिवारातून फेरी मारावी, अशी आमची सर्वांना विनंती आहे.

काय दिसेल? पाभरीच्या मागे बगळ्यांबरोबर शेपूट वरखाली हलवत चालणारा धोबी दिसेल. तो उन्हाळ्यात इथे नव्हता. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून तो आला आहे. विजेच्या तारांवर भिंगऱ्या ओळीने बसलेल्या दिसतील. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा एकदम वळेल आणि आभाळात जणू चादर झटकल्यासारखे वाटेल. त्या मध्य आशियातून आल्या आहेत. माळावर गवताला घासून उडावा तसा भोवत्या नाकतोडे शोधत फिरत असेल. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे आता रिकामे लोंबत असतील. नाव सुगरणीचे, पण तो खोपा विणतो नर! मोरांनी पिसारा गाळून टाकला आहे. तरवड पिवळ्या फुलांनी भरला आहे. पुढे थंडी वाढली की नाथसागरावर पट्टकादंब उतरतील. हे हंसाच्या जातीचे पक्षी लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. ७,००० मीटरहून अधिक उंचीवर उडताना त्यांची नोंद झाली आहे. आपल्या उशाशी असलेल्या या जलाशयाला १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केले गेले, ते अशा पाहुण्यांमुळेच.

आकाशातील पाखरांकडे पाहा, असे प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सांगितले. चिंता कशी सोडावी हे शिकवताना त्याने आधी त्यांची नजर वर उचलली. म्हणून पाहणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे. ती प्रभूची आज्ञा आहे. जो बांधावर दोन घटका थांबून पाखरू पाहतो आणि मनात देवबापाचे आभार मानतो, त्याची ती प्रार्थनाच होय.

प्रभूच्या कितीतरी आधी यिर्मया संदेष्ट्यानेही आभाळाकडे पाहिले होते. इस्राएलच्या भूमीवरून आजही दर शरदात लाखो करकोचे युरोपातून आफ्रिकेकडे जातात. यिर्मयाच्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात याच करकोच्याचा दाखला येतो. करकोच्याला आपली वेळ कळते, होल्याला कळते, भिंगरीला कळते. पण माझ्या प्रजेला माझा नियम कळत नाही, अशी परमेश्वराची खंत तेथे व्यक्त झाली आहे.

तो नियम कोणता? निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात देव शेतकऱ्याला सांगतो की सातव्या वर्षी जमीन पडीक ठेव. त्यात उगवेल ते गोरगरिबांनी खावे आणि उरेल ते रानातल्या जनावरांनी खावे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात तो म्हणतो की कापणी करताना शेताची कड झाडून नेऊ नको, ती गरिबाला आणि परक्याला राहू दे. देवाच्या हिशेबात शेताचा एक भाग मालकाचा नसतोच. तो गरिबाचा, परक्याचा आणि पाखराचा असतो.

आपल्याकडे ती कड म्हणजे बांध. बांधावरच्या गवतात तित्तिर लपतो, लाव्हे अंडी घालतात, कोळी जाळे विणतो. तणनाशक मारून बांध पिवळा पाडला, किंवा काडी लावून काळा केला, की ही सारी वस्ती एका दिवसात संपते. मजुरी महाग झाली आहे आणि तण पिकात घुसते, हे आम्हाला ठाऊक आहे. भोरड्या कणसातले दाणे खातात हेही खरे. पण त्याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात. पाखरे हाकलायला गोफण आहे, हाका आहेत. विषाची गरज नाही. निदान एका बाजूचा बांध हिरवा राहू द्यावा.

आता जड मनाने एक गोष्ट सांगावी लागते. पाखरे येतात त्याच दिवसांत आपली माणसे निघतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला जातात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, तान्हे मूल, सारा संसार असतो. नाताळच्या मिस्साला त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. भोरडी आपल्या रानात उतरते तेव्हा तिला कोणी गाव विचारत नाही. आपले बंधू-भगिनी परक्या शिवारात पाचटाच्या कोपीत उतरतील, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाणी द्यावे, माणूस म्हणून वागवावे, अशी आपली इच्छा असते. मग आपल्या शिवारात आलेल्या परक्या मजुराला आपणही तसेच वागवले पाहिजे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दवाचा थेंब आणि गरिबाचा चेहरा यांचा उल्लेख एकाच ओघात केला. देव दोन्हींत भेटतो. दवाचा थेंब पाहून हरखणारा माणूस शेजारच्या कुलूपबंद घराकडे पाहत नसेल, तर त्याचे पाहणे अर्धेच राहिले.

म्हणून जी कुटुंबे निघणार आहेत त्यांनी आपली नावे धर्मगुरूंकडे द्यावीत. निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सामध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना करून त्यांना आशीर्वाद देता येईल. ज्यांची मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतील, त्यांच्या शेजाऱ्यांनी ती शाळेत जातात का, म्हातारी माणसे जेवली का, एवढे रोज विचारावे. मुलांनी गलोल ठेवून द्यावी, आणि किती प्रकारची पाखरे पाहिली ते पुढच्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगावे.

हे देवबापा, पाखरांना तू वाट दाखवतोस. आमच्या जाणाऱ्या माणसांनाही वाट दाखव, आणि त्यांना सुखरूप परत आण. आमच्या शेताच्या कडेला आणि आमच्या मनात दुसऱ्यासाठी जागा राहू दे. आमेन.