रतामाच्या झुडपाखालून

हे देवबापा, आज स्तुती जमत नाही. ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून बसले आहे. अक्षरं दिसतात, मन तिथवर पोचत नाही. डॉक्टर याला नैराश्य म्हणतात. तू याला पाप म्हणत नाहीस, एवढं तुझ्या शास्त्रातून मला कळलं आहे.

एलीयावर तू रागावला नाहीस. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरताना पाहिलेला तुझा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. तू त्याला विश्वासाचे धडे दिले नाहीस. झोपू दिलंस. दूताच्या हाती निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पाठवलास. तो खाऊन पुन्हा आडवा झाला, तेही चालवून घेतलंस. दुसऱ्यांदा उठवलंस ते पुन्हा खाण्यासाठीच, कारण होरेबाची वाट त्याला झेपणारी नव्हती. त्याचं दुःख तू ऐकलंस, पण त्याआधी त्याला जेवू घातलंस. बापा, मलाही आधी झोप दे. रात्रीची गोळी मला त्या भाकरीसारखी, तुझ्याच हातची म्हणून घेऊ दे.

स्तोत्र 88 शास्त्रात राहू दिलंस, याबद्दल तुझे उपकार मानते. ते शेवटच्या ओळीपर्यंत उजाडत नाही. तरी ते रचणारा हेमान तुझ्याशीच बोलत राहतो, रात्रंदिवस. तुझ्यावरचा आरोपही तो तुझ्यापुढेच मांडतो. ही प्रार्थना तुला चालली, तर माझीही चालेल.

हा आजार मला काही शिकवायला तू धाडलास, असं मी म्हणणार नाही. पण याच्या तळाशी एक गोष्ट हाती लागली: मला काहीच जाणवत नाही तेव्हाही तू असतोस. इंग्लंडच्या कवी विल्यम कूपरला 1773 नंतर वाटत राहिलं, की देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे. 1800 मध्ये तो गेला, तोवर ही भीती हटली नाही. त्याची गीतं मात्र 1779 च्या ‘ऑल्नी हिम्स’मधून लोकांच्या तोंडी गेली आणि अजून मंडळ्यांत गाइली जातात. त्याला स्वतःला जे धरता आलं नाही, ते तू त्याच्या हातून इतरांना दिलंस. हे मला पुरतं समजत नाही. पण यावर मी टेकून आहे.

प्रभु येशू, गेथशेमानेत तुझा जीव मरणप्राय खिन्न झाला, तेव्हा तूसुद्धा पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ थांबायला सांगितलंस. मग मी सोबत मागितली तर त्यात अविश्वास कसला? आमच्या मंडळीला हे कळू दे. ‘प्रार्थना कमी पडली असेल’ असं कुणी कुणाला म्हणू नये. डबा घेऊन यावं, दवाखान्यात बरोबर यावं, गप्प बसता आलं तर शेजारी बसावं.

आणि आज जो कोणी एलीयासारखा मरण मागत असेल, त्याला आजच एका माणसापाशी ते बोलून दाखवायचं बळ दे. ऐकणाऱ्याला जागं ठेव. येशूच्या नावाने मागते. आमेन.