दुसऱ्याच्या दुःखानं तृप्त व्हावं का?

"ताई, आज किती रडवलंत हो!" माझं कीर्तन संपून आरतीचं ताट फिरू लागलं की कुणीतरी हमखास असं म्हणतं. ही तक्रार नसते, पावती असते. आख्यान कोणतं लावायचं असं विचारलं की देवळाचे विश्वस्त पुन्हा हरिश्चंद्रच मागतात. रोहिदासाला साप चावतो, तारामती त्याला मसणवटीत आणते आणि डोंबाची चाकरी करणारा बाप पोटच्या पोराच्या चितेचाही कर मागतो, हे सगळं श्रोत्यांना पाठ असतं. तरी पदर डोळ्यांना लागतातच आणि माणसं घरी जाताना तृप्त असतात. कुणाचं तरी मूल मेल्याची गोष्ट ऐकून तृप्त व्हावं, हा काय प्रकार आहे?

चौदाव्या शतकात विश्वनाथानं 'साहित्यदर्पणा'त हा प्रश्न झटक्यात निकालात काढला. करुण रसातून दुःखच मिळत असतं तर त्याच्या वाटेला कुणी गेलंच नसतं, आणि रामायणसुद्धा दुःखाचं कारण ठरलं असतं. त्याच्याही आधी 'नाट्यदर्पण' लिहिणाऱ्या रामचंद्र-गुणचंद्र या जैन पंडितांचं मत उलट होतं. करुण दुःखच देतो, गोडी वाटते ती कवीच्या आणि नटाच्या कसबाची. अभिनवगुप्त आणखी खोल जातो. रंगात आलेला शोक माझा राहत नाही, परक्याचाही राहत नाही, म्हणून तो टोचत नाही. आपल्याकडं न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून या आनंदाला 'सविकल्प समाधी' म्हटलं. स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरायचं. व्यासपीठावरून जे दिसतं त्यावरून मला केळकर पटतात. देहभान पूर्ण हरपलेला श्रोता मला भेटलेला नाही. तारामतीसाठी रडणारी बाई त्याच वेळी मांडीवरच्या पोराचं टोपडं सारखं करत असते.

पण हे झालं आनंद कसा होतो याचं उत्तर. तो घ्यावा का, हे वेगळं. चौथ्या शतकात कार्थेजला शिकत असताना संत ऑगस्टीनला नाटकांचं वेड होतं. पुढं 'कन्फेशन्स'मध्ये त्यानं त्यावर बोट ठेवलं. नाटकातल्या दुःखिताला मदत करायला प्रेक्षकाला कुणी बोलावत नाही, नुसतं हळहळायला बोलावतात. हा आरोप मला झोंबतो. मी रडवते तेव्हा श्रोत्यांना बसल्या जागी दयाळू असल्याचं समाधान देते, तेही फुकट.

याला उत्तर हरिश्चंद्राच्याच गोष्टीत सापडतं. लहानपणी गांधीजींनी हरिश्चंद्राचं नाटक पाहिलं. त्या आठवणीनं आपण रडायचो, मनातल्या मनात हरिश्चंद्र व्हायचो, असं त्यांनी आत्मकथेत लिहिलं आहे. सगळेच त्याच्यासारखे सत्यवादी का होत नाहीत, हा प्रश्न त्या मुलाला सुटेना. तिथं रडणं संपून काहीतरी सुरू झालं. 

या आरोपाला आणखी एक उत्तर मला माझ्या भाच्याकडं सापडलं. त्यानं मला 'शॅडो ऑफ द कोलोसस' हा २००५ सालचा जपानी गेम दाखवला. फुमितो उएदा हा त्याचा दिग्दर्शक. एक तरुण मेलेल्या मुलीला निषिद्ध प्रदेशात घेऊन येतो. सोळा महाकाय प्राणी मारलेस तर ती कदाचित परत येईल, असं एक अदृश्य आवाज त्याला सांगतो. यातले कितीतरी प्राणी आपल्याच नादात असतात, कुणाच्या वाटेला गेलेले नसतात. एकेक कोसळला की विजयाचे नगारे वाजत नाहीत, शोकाचे सूर वाजतात. भाचा म्हणाला, "मावशी, जिंकलो तरी वाईट वाटतं गं."

मला रामायणाच्या आरंभीचा क्रौंचवध आठवला: निषादाच्या बाणानं क्रौंच पक्षी पडतो आणि ते पाहून वाल्मीकी शोक करतो. रामायण ऐकणारा वाल्मीकीच्या जागी बसतो, त्याच्या शोकात वाटेकरी होतो. इथं पोराच्या हातात बाण आहे, तो निषादाच्या जागी आहे. दयाळूपणाचं फुकट समाधान त्याला मिळतच नाही, कारण बटण त्यानंच दाबलेलं असतं. ऑगस्टीनचा आरोप इथं उलटा होतो. प्रेक्षकाला कृतीला बोलावलं आहे, आणि कृतीच दुःखाचं कारण आहे.

हे अगदी नवंही नाही. माझ्या आख्यानाचा कळस रोहिदासाच्या मरणाशी नसतो. धन्याच्या आज्ञेनं हरिश्चंद्र तारामतीवर तलवार उगारतो तिथं असतो. त्या क्षणी मी श्रोत्यांना तारामतीजवळ बसू देत नाही, तलवारीच्या मुठीपाशी उभं करते. देव येऊन हात धरतात ते नंतर. मग पूर्वरंगात, म्हणजे आख्यानाआधी, निरूपणाला घेतलेल्या अभंगाकडं परतायचं, कारण आख्यान निरूपणावाचून सोडायचं नाही, असा आमचा दंडक आहे.

माझं मत असं. करुणात रमणं हे पाप नाही आणि पुण्यही नाही. ज्या गोष्टीनं रडवून आपण किती चांगले आहोत एवढंच पटवलं, ती हलकी. जिनं आपल्याला मारणाऱ्याच्या जागी उभं करून पाहिलं, ती मोलाची, मग ती पोथीत असो, पडद्यावर असो की गेममध्ये. म्हणून घरातलं पोर गेमपुढं डोळे पुसताना दिसलं तर लगेच 'बंद कर ते' म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, "यात तू कोण आहेस?"