लुकमा देणारे कोणी घरात आहे काय?



सूरह अत्-तकासुर आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ असेल. अवघ्या आठ आयतींची ही सूरह. अधिकाधिक मिळवण्याच्या हव्यासाने माणसाला इतके गुंगवून टाकले की कबरीपर्यंत पोहोचला तरी तो भानावर आला नाही, हा तिच्या प्रारंभाचा आशय. आणि त्या दिवशी तुम्हाला लाभलेल्या देणग्यांबद्दल विचारले जाईल, हा तिचा शेवट. ही सूरह मी असंख्य वेळा नमाजमध्ये पठण केली, मुलांना शिकवली, जुम्याच्या बयानात समजावून सांगितली. ती माझ्याशी बोलते आहे हे मात्र मला माझ्या सात वर्षांच्या मुलीमुळे कळले.

मगरिबनंतर ती माझ्यासमोर बसून सबक ऐकवत होती. माझ्या हाती मोबाईल होता. दुसऱ्या दिवशीच्या फज्रची वेळ पाहण्यासाठी तो उचलला होता. वेळ पाहून झाली, पण मोबाईल काही खाली ठेवला गेला नाही. तिचे पठण संपले. मान वर न करता मी म्हणालो, "माशाअल्लाह, शाबास!" ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "अब्बू, माझी एक आयत सुटली. तुम्ही लुकमा दिलाच नाही."

या सूरहची तिसरी आणि चौथी आयत जवळजवळ सारखीच आहे. तेथे मुले हटकून चुकतात आणि शिकवणाऱ्याचा कान तेथे आपोआप सावध होतो. त्या संध्याकाळी माझा कान सावध झाला नाही. गुंगून जाण्याविषयी बजावणारी सूरह समोर पढली जात असतानाच मी गुंगलेला होतो.

नव्या साधनांचा मी विरोधक नाही. एके काळी नमाजमध्ये लाउडस्पीकर वापरावा की नाही, यावर आपल्या उलेमांमध्ये गंभीर चर्चा झाली. आज त्याच लाउडस्पीकरवरून आपण अजान ऐकतो. 2020 च्या टाळेबंदीत मशिदींची दारे बंद होती आणि रमजानची तरावीह घरोघरी अदा झाली, तेव्हा याच मोबाईलवरून मी मुलांचे सबक ऐकले. त्याच्या साहाय्याने प्रवासात किब्ल्याची दिशा कळते, परगावी असलेल्या मुलाचा चेहरा आईला दिसतो. ही देणगीच आहे, आणि देणगीबद्दल विचारणा होणार आहे.

मग बिघडते कोठे? बोटाने वर सरकवत राहावे आणि पान कधी संपूच नये, ही रचना 2006 साली अझा रास्किन या अमेरिकी संरचनाकाराने तयार केली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. पुस्तकाचे प्रकरण संपते, ताटातले अन्न संपते आणि तेथे माणूस स्वतःला विचारू शकतो, 'आता पुरे का?' ज्या रचनेला शेवटच नाही, तिने हा प्रश्न विचारण्याची जागाच काढून घेतली. शिवाय पुढे काय येईल हे ठाऊक नसते. दहा निरर्थक गोष्टींनंतर एखादी मनोरंजक गोष्ट येते आणि तिच्या आशेवर बोट चालू राहते. जुगाऱ्याला फड सोडवत नाही तो याच आशेमुळे. मोबाईलला जुगार ठरवून मी फतवा देत नाही. परंतु दारू आणि जुगार यांच्याद्वारे सैतान तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू पाहतो, असे सूरह अल्-माइदामध्ये सांगितले आहे. तो परिणाम आपल्या घरात दिसत असेल, तर कारण शोधलेच पाहिजे.

दारूचा निषेध एकाच वेळी उतरला नाही, हे आपण जाणता. निर्णायक मनाईपूर्वीच्या एका टप्प्यावर आज्ञा आली की नशेत असताना, आपण काय बोलतो आहोत हे कळेपर्यंत, नमाजच्या जवळ जाऊ नका. या आज्ञेत नशेची खूण सांगितली आहे: जीभ बोलते, पण काय बोलते हे बोलणाऱ्याला उमगत नाही. त्या संध्याकाळी माझी जीभ 'माशाअल्लाह' म्हणाली. कशासाठी म्हणाली, हे मला ठाऊक नव्हते. मी दारूला कधी स्पर्श केलेला नाही. तरीही ती खूण माझ्यात होती.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्याचे भान हरपले आहे, त्याला भान हरपल्याचे कळावे कसे? आपण म्हणतो, 'मनावर ताबा ठेवीन.' पण मनच ओढले गेले असेल, तर पहारा कोणाचा?

याचे उत्तर मला आपल्या नमाजमध्ये सापडले. इमाम पठण करताना अडखळला किंवा चुकला, तर मागे उभा असलेला मुक्तदी त्याला लुकमा देतो. त्या वेळी इमामाचे शिक्षण, वय, मान काही आड येत नाही. एकदा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी चार रकआतींच्या नमाजमध्ये दोन रकआतींनंतर सलाम फेरला. जमातीत हजरत अबू बकर (रजि.) व हजरत उमर (रजि.) होते, आदरापोटी ते बोलू धजले नाहीत. जुल-यदैन (रजि.) यांनी विचारले, नमाज कमी झाली की आपणास विसर पडला? प्रेषितांनी (स.) राग मानला नाही. इतरांकडून खात्री करून घेतली, राहिलेली नमाज पूर्ण केली आणि सजदा-ए-सहव केला. प्रेषितांच्या (स.) त्या विसरातून उम्मतीला शिकवण लाभली. माझी तर निव्वळ गफलत होती. मग मी कोण लागून गेलो की मुलीच्या बोलण्याचा राग मानावा?

खरे सांगतो, पहिल्या क्षणी रागच आला होता. 'कामाचे पाहत होतो' हे शब्द ओठांवर आले होते. ते असत्य होते, म्हणून गिळले. मोबाईल बाजूला ठेवून तिला म्हणालो, "बेटा, पुन्हा ऐकव." त्या दिवसापासून आमच्या घरी एक नियम आहे. मोबाईल उचलणाऱ्याने कशासाठी उचलला हे मनाशी ठरवावे, कारण प्रत्येक कर्माची गणना नियतीवर आहे. ते काम संपल्यावरही तो हातात राहिला, तर घरातल्या कोणीही "लुकमा" एवढाच शब्द उच्चारावा. ज्याला तो मिळेल, त्याने वाद घालू नये.

मी सुधारलो, असा दावा नाही. या आठवड्यातही मला दोनदा लुकमा मिळाला. पण चुकीची जाणीव करून देणारा आवाज घरात जिवंत आहे, हा मोठा आधार वाटतो. वाचकहो, आपल्या घरातील मुले आपल्याला काही सांगू पाहतात तेव्हा आपण त्यांना गप्प करतो की ऐकतो, एवढे आज तपासून पाहा. ती बोलायची थांबली, तर आपली सुटलेली आयत आपल्याला कोण दाखवणार?

अल्लाह आम्हाला त्याच्या देणग्यांचा योग्य वापर करण्याची सद्बुद्धी देवो आणि आमची चूक दाखवणाऱ्यांचे ऐकण्याइतकी नम्रता देवो. आमीन.