मोहाखालची पंगत



चैत्रात विदर्भातल्या रानात मोह फुललेला असतो. त्याची फुलं रात्री उमलतात. आधी येतात वटवाघळं. पहाटे फुलं टपटप गळू लागतात. मग अस्वल येतं. चितळ येतात, सांबर येतं. उजाडलं की फांद्यांवर वानरं, साळुंक्या, बुलबुल. झाड एकच, पंगत मोठी. आपला वाटा घ्यावा, वाट मोकळी करावी.

हे प्राणी संत नाहीत बरं का! अस्वलाची चाहूल लागताच चितळ बाजूला होतात, ते भीतीनंच. पण उद्याच्या काळजीनं सगळं झाड कुणी अडवून बसत नाही. वानरांच्या हातून पडलेला पाला चितळांच्या पोटात जातो. वाघ दिसला की वरून वानर ओरडतं, आणि ती हाक साऱ्या रानाच्या कामी येते.

आपल्याला मात्र रांगेतला पुढचा माणूस जरा रेंगाळला तरी राग येतो. पोट भरलं तरी हात थांबत नाही. आपला वाटा घ्यावा, वाट मोकळी करावी. एवढंही जड का जावं?

माणूसही या पंगतीतलाच. पहाटे टोपली घेऊन तो मोहाखाली जातो. वेचणं सोपं व्हावं म्हणून कुणी खालचा पाचोळा पेटवतं. मग वणवा लागतो, जमिनीवरची घरटी जळतात. काही गावांत आता झाडाखाली जाळी बांधतात. फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो.